९८ तुकड्यांचा आखाडा

ज्युदोचा आखाडा एकसंध नसतो. एक मीटर रुंद आणि दोन मीटर लांब अशा गाद्यांचे तुकडे एकमेकांना भिडवून तो मांडावा लागतो. नियमात बसणारा लहानात लहान आखाडा १४ बाय १४ मीटरचा, म्हणजे ९८ तुकड्यांचा. त्या काळी मधोमध लढतीची जागा असे, तिच्या कडेला मीटरभर रुंदीचा तांबडा पट्टा आणि पट्ट्याबाहेर फेकला गेलेला गडी जमिनीवर आपटू नये म्हणून आणखी गादी. १९९५ साली आशियाई ज्युदो अजिंक्यपद स्पर्धा नवी दिल्लीत झाली. पुरुषांची आणि महिलांची, एकाच छपराखाली. मी तेव्हा पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकाचा डिप्लोमा करत होतो. आमच्यातल्या काही जणांना मदतनीस म्हणून दिल्लीला नेलं, आणि माझ्या वाट्याला पहिलं काम आलं ते हे तुकडे मांडायचं.

काम हमालीचं दिसतं, पण जोखमीचं आहे. दोन तुकड्यांमध्ये बोटभर फट राहिली, तर डाव मारताना गर्रकन वळणाऱ्या पायाचा अंगठा तिच्यात अडकतो आणि सगळ्या अंगाचा भार त्या अंगठ्यावर येतो. वर्षभराची मेहनत तिथेच संपते. म्हणून पहाटे दिवे लागले की आम्ही बूट-मोजे काढून ओळीने गादीवरून चालायचो. डोळ्यांना न दिसणारी फट तळपायाला बरोबर कळते. सापडली की एक जण कडेच्या लाकडी चौकटीला टाच लावून रेटायचा, दुसरा गुडघ्यावर बसून तुकडा दाबून बसवायचा, तिसरा ओल्या फडक्याने गादी पुसत यायचा. लढती सुरू झाल्यावर पाय आपटून, अंगं पडून तुकडे पुन्हा सरकायचे. दोन लढतींच्या मधल्या वेळात धावत जाऊन ते जागेवर आणायचे. त्या हॉलमध्ये बसलेल्या प्रेक्षकांपैकी कुणाचंही आमच्याकडे लक्ष गेलं नसेल, आणि तेच बरोबर होतं.

मी खटकचिंचोळीचा. तालुका भालकी, जिल्हा बिदर. घरात मराठी, कचेरीत कानडी, बाजारात दखनी, अशा तीन भाषांत आमचा दिवस जातो. कुस्ती मात्र तिन्हींत एकच. आमच्या तालमीच्या हौदात जांभ्याची तांबडी माती, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू. जत्रेच्या फडात लातूर, उदगीर, निलंग्याचे पैलवान उतरायचे. पोरासोरांच्या कुस्त्या खोबऱ्यावर आणि नारळावर लागायच्या, मोठ्यांच्या चांदीच्या कड्यावर. रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे. त्यांचं नाव आमच्याकडे घरातल्या माणसासारखं घेतलं जायचं. मी त्याच मातीत वाढलो, मध्यम वजनाचा, मध्यम ताकदीचा. पुढे शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम करायला तेव्हाच्या गुलबर्ग्याला गेलो, तिथे ज्युदो पहिल्यांदा पाहिला आणि तिथून पतियाळा. सुट्टीत गावी आलो तेव्हा वस्तादांना पोशाख दाखवला. त्यांनी कोटाची गळपट्टी चिमटीत धरून पाहिली आणि विचारलं, “अंगात कोट घालून कुस्ती खेळतेत का रं?” मी म्हटलं, “कोटालाच धरायचं असतंय, वस्ताद.” ते बराच वेळ ती गळपट्टी चाचपत राहिले.

दिल्लीत गाद्या मांडून झाल्यावर मला घड्याळाच्या टेबलावर बसवलं.

ज्युदोला दोन घड्याळं लागतात. एक लढतीचं, तेव्हा पुरुषांसाठी ५ मिनिटं आणि महिलांसाठी ४. पंच ‘मात्ते’ म्हणाला की ते थांबवायचं आणि थांबलंय हे कळावं म्हणून पिवळं निशाण वर करायचं. दुसरं घड्याळ पकडीचं, आणि ते माझ्याकडे होतं. एकाने दुसऱ्याला पाठीवर दाबून धरलं, पंचाने हात पुढे करून ‘ओसाएकोमी’ म्हटलं की ते सुरू करायचं. पकड सुटली की पंच ‘तोकेता’ म्हणणार, तिथे बंद. त्या वेळच्या नियमाने १० सेकंद धरलं तर कोका, २० ला यूको, २५ ला वाझा-आरी आणि पूर्ण ३० सेकंद धरून ठेवलं तर इप्पोन, म्हणजे लढत निकाली. आमच्या मातीत पाठ टेकली की गडी चीत, हलगी वाजायला लागते, जिंकलेला खांद्यावर बसतो. इथे पाठ टेकल्यावर मोजणी सुरू होते आणि खालच्याला पुन्हा उठायची संधी असते. मला हे पचायला वेळ लागला. पण टेबलावर बसल्यावर त्यातली खुमारी कळली.

महिलांची एक लढत मला अजून सेकंदासेकंदाने आठवते. तेव्हा दोघींचेही पोशाख पांढरे असत. निळा पोशाख आंतरराष्ट्रीय महासंघाने मंजूर केला तो १९९७ ला. ओळखण्यापुरता कमरेला एकीला तांबडा आणि दुसरीला पांढरा पट्टा. तांबड्या पट्टीवालीने पांढऱ्या पट्टीवालीला खाली घेतलं, मानेभोवती हात टाकला, दुसऱ्या हाताने तिची बाही काखेत आवळली आणि सगळं वजन छातीवर टाकलं. माझं घड्याळ सुरू झालं. दहा गेले. खालची मुलगी नुसती धडपडत नव्हती. ती श्वास साठवत होती, टाचा रोवत होती. पंधराला तिने पूल केला, वरची हलली नाही. वीस गेले. तेव्हा तिने उलट्या दिशेला वळून आपल्या दोन पायांत वरचीचा एक पाय धरायचा प्रयत्न सुरू केला, कारण पाय अडकला की पकड मोडते. बाविसाव्या सेकंदाला टाच पोहोचली, घसरली, पुन्हा पोहोचली. पंच वाकला, हात हलवून म्हणाला, “तोकेता.” मी अंगठा दाबला. घड्याळावर २४.

एक सेकंद आणखी गेला असता तर तो वाझा-आरी होता. लागला यूको. शेवटच्या मिनिटात त्याच पांढऱ्या पट्टीवालीने खांद्यावरून डाव टाकून स्वतः वाझा-आरी मिळवला आणि लढत जिंकली. हरलेल्या मुलीच्या प्रशिक्षकाने टेबलापाशी येऊन घड्याळ पाहिलं. मुख्य पंचाने, कडेच्या दोन पंचांनी आणि शेजारच्या नोंदणी करणाऱ्याने तोच आकडा सांगितला. प्रशिक्षकाने मान लववली आणि तो गेला. जत्रेच्या फडात निकालावरून किती भांडणं पाहिली आहेत मी! पाठ लागली की नाही लागली, यावरून दोन गावांचं वर्षवर्ष बोलणं बंद. त्यातली बरीचशी एका घड्याळाने आणि चार जागत्या डोळ्यांनी मिटली असती, असं माझं पक्कं मत तेव्हा झालं आणि ते आजही तसंच आहे. मोठी स्पर्धा मोठी कशाने होते, तर अशा टेबलाने. पदकं नंतर येतात.

कामाची पाळी संपली की मी सरावाच्या गादीशी जाऊन बसायचो. सोव्हिएत संघ फुटून चारच वर्षं झाली होती. उझबेक, कझाक, किर्गीझ, ताजिक हे आता आशियाच्या स्पर्धेत स्वतःच्या झेंड्याखाली खेळत होते. शिवाय मंगोल आणि इराणी होतेच. जपानी आणि कोरियन खेळाडूंची पकड आखीव, पाठपुस्तकात असते तशी. या मंडळींची पकड पाठीवरून, थेट कमरेच्या पट्ट्याला. त्यांचे डाव बघताना मला घरचे डाव दिसायला लागले. एकाने समोरच्याचा हात ओढला, मान काखेतून घालून त्याला खांद्यांवर आडवा उचलला, आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, “कलाजंग!” ज्युदोत त्याला काता-गुरुमा म्हणतात. धोबीपछाड होता, ढाक होती, आतून घातलेली टांग होती. दोन्ही पायांचा पट तर सर्रास काढत होते, तेव्हा तो नियमात बसत असे.

एका उझबेक प्रशिक्षकाशी बोलायची संधी मिळाली. दिल्लीत रशियन शिकणारा एक विद्यार्थी दुभाषी म्हणून होता, त्याच्यामार्फत. त्यांच्याकडे लग्नाला, नवरोजला कुराश होते, गावोगाव, कमरेचा पट्टा धरून. जिंकणाऱ्याला मेंढा. त्यांच्या ज्युदोपटूंनी पहिले डाव तिथेच शिकलेले. मी त्यांना आमच्या जत्रेचं सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, मग तुमच्या गावचे पैलवान इथे का नाहीत? मी म्हटलं, आमच्याकडे गादी नाही आणि कोट नाही. त्यांनी दुभाष्याकडे न बघता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तो प्रश्न घेऊन मी गावी आलो. ज्युदो ज्यांनी घडवला त्या जिगोरो कानोंनी १८८२ मध्ये टोकियोच्या एका देवळात कोडोकान सुरू केलं ते जुन्या जुजुत्सूच्या शाळांमधून निवडून, पारखून. तरुणपणी आपल्याहून दांडग्या जोडीदाराला उचलता यावं म्हणून त्यांनी पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तकं चाळली आणि काता-गुरुमा त्यातूनच बसवला, असं सांगतात. म्हणजे हा खेळ मुळातच दुसऱ्याच्या मातीतलं घेणारा. मंगोल, उझबेक, जॉर्जियन सगळ्यांनी आपापली माती त्यात ओतली. आपली माती तेवढी बाहेर राहिली. १९४८ ला लंडनला खाशाबा जाधवांना गादीवरची कुस्ती नवखी होती, तरी ते सहावे आले, आणि चार वर्षांनी हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक आणलं. गादीची सवय ही केवढी गोष्ट आहे, हे त्या चार वर्षांत लिहिलेलं आहे.

शाळेत नोकरी लागल्यावर गाद्यांसाठी अर्ज केला. तो एका कचेरीतून दुसरीत फिरत राहिला. तोवर थांबायचं नाही असं ठरवून आम्ही शाळेच्याच एका खोलीत स्वतः आखाडा केला. कडब्याची बारीक कुट्टी करून पोत्यांत ठासून भरली, पोती एकमेकांना शिवली, वर ताडपत्री ताणून चारी बाजूंनी खुंट्यांना बांधली. जपानी ततामीसुद्धा मुळात भाताच्या पेंढ्याचीच, त्यामुळे मला यात कमीपणा कधी वाटला नाही. त्रास दोन. कडब्याला उंदीर यायचे आणि पावसाळ्यात कुट्टीला ओल धरायची. ऊन पडलं की सगळी पोती उसवून अंगणात पसरायची, वाळली की पुन्हा भरायची. पोशाखांना दोसुती कापड आणलं आणि गावातल्या शिंप्याकडून गळपट्टी चार पदरी शिवून घेतली. त्याने एकदा गळपट्टीला दोन्ही हातांनी लोंबकळून दाखवलं आणि म्हणाला, “सर, माणूस फाटंल, हे फाटत नाही.”

आधी मुलगेच आले, तालमीतलेच. मुली बाजूला उभ्या राहून बघायच्या. तालमीच्या दारातून आत मुलीने पाऊल टाकायचं नाही, असा आमच्याकडचा रिवाज, आणि तो मोडायची ताकद माझ्यात नव्हती. पण शाळेच्या खोलीतली ताडपत्री ही तालीम नव्हती. दिल्लीत मी पहाटेच्या वजनाच्या वेळी महिलांच्या खोलीबाहेर रांग पाहिली होती. ४८ किलोपासून ७२ किलोच्या वरपर्यंत सगळ्या गटांच्या मुली, हातात पारपत्र, ओठ कोरडे, कारण आदल्या रात्रीपासून पाणीही प्यायलेलं नाही. त्या रांगेत मणिपूरच्या मुली होत्या, अंगाने आमच्या पोरींएवढ्याच. महिलांना इथवर येणं सोपं गेलेलं नाही. १९५९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात रस्टी कानोकोगी या बाईने पुरुष म्हणून उतरून लढत जिंकली आणि बाई असल्याचं कबूल केल्यावर तिचं पदक काढून घेतलं गेलं. त्याच बाईने धडपड करून १९८० ला महिलांची पहिली जागतिक स्पर्धा न्यूयॉर्क शहरात भरवली. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा ज्युदो १९६४ ला आला, महिलांना पदकांसाठी १९९२ च्या बार्सिलोनापर्यंत थांबावं लागलं. हे सगळं मी शाळेतल्या मुलींना सांगायचो. त्यांच्या डोळ्यांत जे यायचं, ते पाहून मी घरोघर जायला लागलो.

एका आईने दारातच विचारलं, “सर, पोरगी पडली, हातपाय मोडला, तर उद्या कोण करून घेईल तिला?” मी म्हटलं, “माय, आमच्याकडं पहिले पडायलाच शिकवतेत. तुम्ही येऊन बघा की.” ती आली. मुलगी पाठीवर पडताना हनुवटी छातीला लावते, तळहात ताडपत्रीवर सपकन मारते, तो आवाज ऐकून ती पहिल्यांदा दचकली. नंतर भिंतीला टेकून शेवटपर्यंत बसली. दुसऱ्या दिवशी धाकटीलाही पाठवलं.

आता जे घडलं ते मी कुणाच्या सांगण्यावरून नाही, स्वतः पाहिलेलं लिहितो आहे. २०१० मध्ये ज्युदोचा नियम बदलला. हाताने थेट पायाला धरणं बंद झालं, २०१३ पासून तर पायाला हात लावणंच वर्ज्य. माझे मुलगे, ज्यांचे हात लहानपणापासून पट काढण्यात तयार झालेले, ते लढतीत ऐन वेळी खाली झुकायचे. मनाने नाही, सवयीने. आणि बाद व्हायचे. चांगले चांगले गडी असे जिंकत आलेली लढत सोडून बाहेर आले. मुलींचं असं झालं नाही. ज्यांना हौदात पाय टाकू दिला नव्हता, त्यांच्या हातांना पायाकडे जायची सवयच लागलेली नव्हती. त्या कोटाच्या गळपट्टीशी वाढल्या. सरळ उभं राहायचं, बाही ओढायची, कमरेने उचलायचं, हेच त्यांना येत होतं आणि आता हेच लागत होतं. दोन-तीन वर्षांत शाळेच्या संघाचं वजन मुलींकडे झुकलं. तालमीतले वस्ताद तोवर थकले होते. एकदा काठी टेकत आले, एका मुलीची ढाक बघून म्हणाले, “कंबर लई खाली नेलीस, बाई. अजून वीतभर वर.” तिने तशी नेली. डाव बसला.

आमच्या सीमाभागात हे होऊ शकतं याचा पुरावा राज्याच्या दुसऱ्या टोकाला मिळाला. बेळगावच्या मलप्रभा जाधव ज्युदोत तयार झाल्या आणि २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कुराशच्या ५२ किलो गटात त्यांनी कांस्यपदक मिळवलं. कुराश, म्हणजे तोच उझबेक खेळ, उभ्यानेच. बातमी वाचली तेव्हा मला दिल्लीतला तो हात खांद्यावर जाणवला. २०२२ ला मणिपूरच्या लिंथोई चनंबमने सारायेवोला ५७ किलोत कॅडेट गटाचं जागतिक सुवर्ण जिंकलं, भारताचं ज्युदोतलं पहिलंच जागतिक पदक, आणि तिची तयारी झाली आपल्याच कर्नाटकात, बळ्ळारी जिल्ह्यातल्या केंद्रात. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुशीला देवी आणि तूलिका मान यांनी रौप्य, विजयकुमार यादव यांनी कांस्य आणलं. पुढल्या वर्षी सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली. मी ती बातमी कापून तालमीच्या भिंतीवर लावली. कुणी काढली नाही.

तरी मला आशिया खंडाचं अंतर माहीत आहे. पॅरिसला २०२४ मध्ये उझबेकिस्तानच्या दियोरा केल्दियोरोवाने जपानच्या उता आबेला फेकलं आणि पुढे सुवर्ण जिंकलं, तो डाव मी मुलींना पुन्हा पुन्हा दाखवतो. तिच्या मागे गावोगावच्या लग्नांतली कुस्ती आहे. आमच्या मुलींच्या मागे काय आहे, तर माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून घेतलेल्या जोडगाद्या आणि तालुक्याला वर्षातून एकदा होणारी स्पर्धा. खेळाडू तयार करणारे हळूहळू वाढतील. पण गादी मांडणारे, वजन घेणारे, घड्याळावर बसणारे तयार केले नाहीत तर गावात स्पर्धाच भरणार नाही, आणि स्पर्धेशिवाय खेळाडू नुसता सराव करत म्हातारा होतो. म्हणून गेली काही वर्षं मी प्रत्येक तुकडीतल्या चार मुलांना आणि चार मुलींना टेबलाचं काम शिकवतो. सकाळी अनवाणी चालून फटी शोधायच्या, त्यानंतर घड्याळ.

२०२५ पासून यूको परत आला आहे. आता २० सेकंदांची पकड इप्पोन, १० ची वाझा-आरी आणि ५ सेकंद धरलं की यूको. पाच सेकंद फार लवकर जातात. पंचाचा हात पुढे यायला आणि अंगठा बटणावर पडायला जेवढा वेळ लागतो, तेवढाही वाया घालवून चालत नाही. सध्या आमचा सराव त्याचाच चालू आहे. एक जोडी गादीवर, एक मुलगी घड्याळावर, दुसरी पंचाच्या जागी, आणि दर पाच पकडींनंतर जागा बदलायच्या.